दोघांपुरती नाबे

योकोहामा,
७ डिसेंबर २०१४

ती. सुप्रभाताईस,
सा. न. वि. वि.

अश्लेषाला मिरजेला पाठव, असं तू अस्मिताच्या वर्षश्राद्धापासून म्हणते आहेस. नऊ वर्षांच्या मुलीला एकटा बाप कसा सांभाळणार, ही तुझी काळजी खोटी नाही. मीही मनातून तयार झालो होतो. फोनवर हे धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

आज रविवारी कडाक्याची थंडी होती. अस्मिता गेल्यापासून कपाटात पडून असलेलं मातीचं भांडं अश्लेषाने काढलं आणि नाबे करू या म्हणाली. टेबलावरच्या शेगडीवर रस्सा ठेवायचा, त्यात भाज्या टाकत जायच्या आणि सगळ्यांनी त्याच भांड्यातून वाढून घ्यायचं. मी पाण्यात समुद्री शेवाळाची पट्टी टाकून आच मोठी केली, तर तिने ती लगेच बारीक केली. आई उकळी यायच्या आत पट्टी काढायची, म्हणाली. मग मुळा, गाजर, तोफू. कोबीची पानं सर्वांत शेवटी.

खाताना मी मिरजेचा विषय काढला. ती जपानीत काहीतरी पुटपुटली. मराठीत सांग म्हटलं, तर बराच वेळ काड्यांनी तोफू शोधत राहिली. मग म्हणाली, आत्या चांगली आहे, पण तिला आई नीट माहीतच नाही. तिथे मी आईबद्दल कोणाशी बोलू?

ताई, मी तिला पाठवत नाही. भाऊजींना नमस्कार. रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धीरज

मिरज,
२१ डिसेंबर

चि. धीरजास,
अनेक आशीर्वाद.

रागावले, खोटं कशाला सांगू! तिच्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतली होती. ह्यांना पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाले, पोरगी खरं तेच बोलली. अस्मिता आपल्याकडे सलग आठवडाभर तरी कधी राहिली का?

म्हणून आता मीच येते, फेब्रुवारीत. तुमच्या त्या भांड्यात मासळी शिजत असेल तर आधीच सांग. अश्लेषाला दोन ओळी लिहायला लाव. चुका झाल्या तरी चालतील.

दोघंही जिवाला जपा.

सुप्रभा

योकोहामा,
५ जानेवारी २०१५

ती. आत्यास,
नमस्कार.

बाबा म्हणाले मराठीत लिही. चुकलं तर हसू नको. भांड्यात मासे नसतात. आई पण खायची नाही.

तू आलीस की माझ्या खोलीत झोप. तिथे आईची उशी आहे. तिचा अभ्रा बाबांनी अजून धुतला नाही. मी पण नाही. रोज मी घेते. तू असशील तेव्हा तू घे.

तुझी,
अश्लेषा