कुलपातला लेप

४ सप्टेंबर, गुरुवार

धाकट्याचं पेटंट मरणार!

कंपनीतून फोन आला होता. धाकटा अंघोळीला गेला होता म्हणून मी घेतला. पलीकडून एक मुलगी — "सरांना सांगा, त्यांच्या लेपाच्या पेटंटची या वर्षाची फी कंपनी भरणार नाही असं दिसतंय. दंडासकट भरायची मुदतसुद्धा महिनाअखेर संपते. मग ते रद्द होईल." मी म्हटलं, अगं पण का? तर म्हणे, "त्याचा काही उपयोग नाही ना होत." उपयोग नाही! मी फोन आपटला.

भाऊ डोकं पुसत बाहेर आला. सांगितलं. "बरं," म्हणाला. एवढंच! आणि टॉवेल वाळत घालायला गेला. माणूस आहे की दगड?

५ सप्टेंबर

दिवसभर दुकानात डोक्यात तेच. एका बाईच्या दुपट्ट्यावर इस्त्री जरा जास्त टेकली. जळला नाही, पण पिवळा डाग पडला. तिने बोलून घेतलं. मीही बोलून घेतलं. मग तिचे पैसे सोडले.

धाकट्याचा तो लेप मी डोळ्यांनी पाहिलाय. बॅटरीच्या पोटात दोन बाजू असतात, म्हणे, आणि त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये पातळ पापुद्रा असतो. प्लॅस्टिकचाच, पण बारीक बारीक भोकांचा. बॅटरी तापली की तो फाटतो आणि आग लागते. धाकट्याने त्या पापुद्र्यावर लावायचा एक लेप काढला. एकदा तुकडा घेऊन माझ्या दुकानात आला. "ताई, इस्त्री रेशमावर ठेव आणि यावर जरा टेकव." कागदासारखा पांढरा होता तो. टेकवली — आणि बघता बघता काचेसारखा आरपार झाला! "भोकं बुजली," म्हणाला. "आता बॅटरी नुसती गप्प बसेल. पेटणार नाही." तेव्हा कसा हसला होता! लहानपणी सायकल शिकला तेव्हा हसला होता तसा.

कंपनीने काय केलं? पेटंट घेतलं आणि कपाटात टाकलं. त्यांचा स्वतःचा महागडा पापुद्रा खपतोय, मग हा कशाला बनवतील? स्वतः बनवायचा नाही आणि दुसऱ्याला बनवू द्यायचा नाही. मग धाकट्याची लॅबही बंद केली. आता तो पुढच्या खोलीत पोरांच्या शिकवण्या घेतो. डोकं त्याचं, कुलूप त्यांचं.

आणि आता ते कुलपातच मारणार.

८ सप्टेंबर

धाकटा शीळ घालतो. भाजी चिरताना शीळ, बूट घालताना शीळ. मला माहीत आहे ना हे सोंग. आई गेली तेव्हासुद्धा असाच आठवडाभर शीळ घालत होता आणि मग एके दिवशी जिन्यात बसून रडला.

संध्याकाळी परत फिरायला गेला. हल्ली रोज जातो. येतो तेव्हा हाताला कसला तरी वास असतो, रॉकेलसारखा. विचारलं तर "बॅटरीवाल्याकडे बसलो होतो."

बॅटरीवाला म्हणजे माझ्या दुकानापासून चौथा. विजेवरच्या स्कूटरच्या नाहीतर मालाच्या रिक्षांच्या जुन्या बॅटऱ्या खोलून नव्या करून देतो. गेल्या वर्षी एक हातात पेटली. डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

बसू दे. दुःखी माणसाला कुठेतरी बसायला जागा हवी.

१० सप्टेंबर

ठरवलं. मी जाते कंपनीत. त्याला सांगणार नाही. सांगितलं तर "ताई, राहू दे" म्हणेल. त्याचं अख्खं आयुष्य "राहू दे"मध्ये गेलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेले! आणि जिंकून आले, असं वाटतंय.

दारावरच्या माणसाने गळ्यात कार्ड अडकवलं, म्हशीच्या गळ्यात घंटा अडकवतात तसं. आत इतका गारठा की दात वाजत होते. बसवून ठेवलं. समोरची मुलगी म्हणाली, "वेळ घेतली होती का?" म्हटलं, "वेळ मी घरून घेऊन आलेय, भरपूर आहे." मग मॅनेजरच बाहेर आला. माझ्याएवढाच असेल वयाने. शर्ट महागाचा, चेहरा थकलेला.

आत नेलं. पाणी दिलं. म्हणाला, "ताई, पेटंट म्हणजे भाड्याची खोली. दर वर्षी भाडं भरलं तरच आपली."

"मग भरा की."

"पण त्या खोलीत कुणी राहत नाही."

"राहू दिलंत का कुणाला?"

मग मी सुटलेच. म्हटलं, माझ्या भावाला बायको नाही, पोरंबाळं नाहीत. नवरा गेल्यावर मी एकटी पडले म्हणून आपलं बिऱ्हाड मोडून माझ्याकडे आला. जगात त्याच्या नावाची एवढी एकच वस्तू आहे. तीही तुम्ही उपाशी मारणार? तुमच्या या एका काचेच्या दारात त्याची वर्षाची फी निघेल! रडायचं नव्हतं. रडले. स्वतःचाच राग आला.

मॅनेजरने समोरची फाइल मिटली. मग म्हणाला, "आम्ही दोघं रोज एकत्र डबा खायचो. लॅब बंद करायच्या कागदावर सही माझी आहे. मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने डबा उघडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला." नाक शिंकरलं. "मी वर लिहितो, ताई. जोर लावून लिहितो."

वाईट माणूस नाही. मी जाताना मनात त्याला काय काय शिव्या दिल्या होत्या!

१६ सप्टेंबर

मॅनेजरचा फोन! वरून मंजुरी आली. या महिन्यात फी भरणार!

केक सांगितलाय. मोठा.

१६ सप्टेंबर, परत

केक कुणी खाल्ला नाही.

धाकट्याला सांगितलं. मी नाचतच होते. वाटलं, आता उठून मला मिठी मारेल. त्याचा चेहरा असा उतरत गेला की मी म्हटलं, अरे, कळलं ना तुला? वाचलं ते! त्याने हळूच खुर्ची ओढली आणि बसला.

"ताई," म्हणाला, "ते मरायचीच वाट बघत होतो मी."

मला काही कळेना. मग त्याने समजावून सांगितलं, पोरांना सांगतो तसं. पेटंट जिवंत आहे तोवर तो लेप फक्त कंपनी बनवू शकते. त्याने स्वतः बनवला तरी चोरी! स्वतःचाच लेप! पण फी नाही भरली, पेटंट मेलं, की लेप सगळ्यांचा. कुणीही बनवावा. तो आणि बॅटरीवाला मिळून गावाबाहेरची बंद पडलेली, प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवायची शेड बघून आले होते. रोज संध्याकाळी तिथली यंत्रं पुसत होते. तोच तो रॉकेलचा वास! पुढच्या महिन्यात सुरू करायचं ठरलं होतं. बॅटरीवाल्याच्या दुकानापासून सुरुवात, मग सगळ्या दुकानांना.

"आणि आता?"

"आता फी भरतील. मग पुढच्या वर्षी परत भरतील. वरच्यांचं लक्ष वेधलं गेलंय ना. नऊ वर्षं आहेत अजून."

मी म्हटलं, मग मला आधी सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

"तू चार लोकांना सांगितलं असतंस."

खरं आहे. सांगितलं असतं. म्हणून जास्तच झोंबलं.

१७ सप्टेंबर

ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडत नाही. चहा करून देतो.

१८ सप्टेंबर

बॅटरीवाल्याला कळलं. दुकानासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ऐकवतो. तर कपाळावर हात मारून हसायला लागला. "मावशी, मढं उचलायची तयारी केली होती आम्ही, आणि तुम्ही त्याला सलाइन लावून आलात!"

मी इस्त्री उगारली. तो आणखी हसला. मग वळला, आणि जाताना बघितलं मी — आखडलेली दोन बोटं दुसऱ्या हाताने चोळत चालला होता. त्याच्या दुकानात अजून तसल्याच बॅटऱ्या खोलतात. त्याची बायको पण खोलते आता.

शेडचं कुलूप परत लावलं त्यांनी.

२२ सप्टेंबर, सोमवार

परत गेले कंपनीत. लाज गुंडाळून ठेवली आणि गेले.

म्हटलं, "साहेब, ते मरू द्या."

मॅनेजर बघतच राहिला. "ताई, मागच्या वेळी तुम्ही याच खुर्चीत —"

"मागच्या वेळी मी मूर्ख होते. ऐका आता." आणि सगळं सांगितलं. शेड, लेप, बॅटरीवाल्याचा हात. सांगून टाकल्यावर जीभ चावली — कंपनीच्याच माणसाला सांगितलं! पण तो एवढंच म्हणाला, "हात बरा आहे का त्याचा?"

"दोन बोटं गेली कामातून."

उठून दार लावून आला. म्हणाला, "वरून मंजुरी आलीय. भरायचं काम माझं एकट्याचं आहे, माझ्याच नावाने होतं. नाही भरलं तर नोकरी कुणाची?"

"तुमची."

"मुलगी शिकतेय माझी अजून, ताई."

मला पण भाऊ शिकवायचा होता तेव्हा मी शाळा सोडून कपडे धुतले होते, कुणाचा विचार केला होता का? आपलं माणूस पुढे आलं की बाकीचे मागे जातात. म्हटलं, भरा मग. माझी मीच निस्तरते. तो दारापर्यंत सोडायला आला. लिफ्टचं बटण त्यानेच दाबलं.

कुणावर तरी चिडता आलं असतं तर! एकसुद्धा माणूस सापडत नाही.

२५ सप्टेंबर

धाकट्याने शीळ बंद केली.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस फुकट गेला. सांगायचं तर — जेवण उरकून दुकान उघडते तर समोर मॅनेजर! हातात कपड्यांचं गाठोडं. म्हणे, आमचा इस्त्रीवाला आजारी पडलाय. एवढ्या लांब? असेल बुवा. मोठ्या माणसांचं मोठं लफडं.

म्हटलं, ठेवा, उद्या न्या. तर म्हणे, "नाही, बसतो मी. आजच न्यायचेत." आणि बाकड्यावर बसलाच! फीचं मी काही विचारलं नाही. भरलीच असणार. कोणत्या तोंडाने विचारू?

शर्ट बघितले तर निम्म्यांना इस्त्री झालेली! दाखवलं. "तरी परत करा," म्हणे. "सावकाश करा, ताई." मला सावकाश म्हणतो! मी हात चालवला. तासाभरात ढीग संपला असता, पण याचं सुरू — या बाहीची घडी नको, ही मोडा. याला खळ लावा. हे बटण सुटलंय का बघा. समोरच्याकडून चहा मागवला. मग परत चहा. त्याचा फोन सारखा वाजत होता. त्याने तो उचलून कपड्यांच्या ढिगाखाली घातला! तिथेही घूं घूं चालूच. मी म्हटलं, साहेब, घ्या की तो, कामाचा असेल. "असेल," म्हणाला.

घाम आला होता त्याला. एवढा गारठ्यात बसणारा माणूस, इस्त्रीच्या वाफेत कशाला बसावं? मी म्हटलं, तुम्हाला ऑफिस नाही का हो? मला दुसरी गिऱ्हाइकं आहेत, बाकडं अडवून बसलात! निघा आता, कपडे घरी पाठवते. चांगलं चार वेळा म्हटलं. शेवटी तर केरसुणी घेऊन बाकड्याखालून झाडायला लागले. त्याने नुसते पाय वर घेतले.

ऑफिसं सुटायच्या वेळेला उठला एकदाचा. कपडे घेतले. धाकट्याचं विचारलं. "डबा खातो ना नीट?" म्हणाला, आणि गेला. एक गठ्ठा इथेच विसरला, बावळट.

१ ऑक्टोबर

धाकट्याने सकाळी फोनवर पेटंट ऑफिसचं पान उघडलं. रद्द! फी पोचलीच नाही. काल पाचला मुदत संपली, भरणारा माणूस दुपारपासून जागेवर नव्हता.

माझ्या बाकड्यावर होता. आणि मी त्याला केरसुणीने हाकलत होते!