मंगळवार पेठेत गामा

२ डिसेंबर १९७३, रविवार
आजपासून रोजनिशी. शाळेत सुपरवायझरची जागा रिकामी आहे. उमेदवार दोनच: सायन्सचा मी आणि ड्रिलचे पिराजी सर. हेडमास्तर आण्णा १७ तारखेला नाव ठरवणार. पेठेत ज्याचं वजन, त्याला जागा, असं म्हणाले. म्हणजे मलाच. प्रमोदिनीला सांगितलं. ती म्हणाली, पिराजी सरांना रस्त्यात सगळे नमस्कार करतात. नवऱ्याची किंमत बायकोला सगळ्यात शेवटी कळते.

५ डिसेंबर
वजनाची सोय झाली. वाचनालयात एका इंग्रजी मासिकात दीड पानाचा लेख सापडला. कुणी चोरून अणुबाँब फोडतंय का हे बघायला अमेरिकेने उपग्रह सोडले. बाँब राहिला बाजूला, आभाळातूनच गामा किरणांचे स्फोट दिसले. सेकंदांत खलास. कुठून येतात, का होतात, जगात कुणालाच माहीत नाही. म्हणजे मी आणि मोठे शास्त्रज्ञ सध्या बरोबरीत आहोत. पेठेत जाहीर व्याख्यान देणार. रोज पहाटे पाचला उठून तयारी.

६ डिसेंबर, सकाळी सव्वाआठ
थंडी फार. तयारी अंथरुणात, मनातल्या मनात.

८ डिसेंबर
व्याख्यानासाठी तालमीचा हॉल मागायला गेलो. विषय सांगताना ‘गामा’ म्हटलं मात्र, सयाजी वस्ताद ताडकन उभे राहिले आणि त्यांनी कानाला हात लावला. हॉल तर दिलाच, वर हार-नारळ तालमीतर्फे. विज्ञानाबद्दल पेठेत एवढा आदर आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

११ डिसेंबर
फक्रुद्दीन पेंटरने बोर्ड लावला. मी दिलेला मजकूर होता, ‘अंतराळातील गामा किरणांचे प्रचंड स्फोट : एक चिंतन’. फळीवर मावेना, म्हणून त्याने ‘गामा : प्रचंड दणका’ एवढंच ठेवलं. शेजारी मिशीवाला, उघडाबंब, धिप्पाड माणूस काढलाय. बहुधा ऊर्जेचं प्रतीक. प्रमोदिनीने विचारलं, व्याख्यान गामा पैलवानावर आहे का? तिला ग्रीक मुळाक्षरं समजावून सांगितली. मध्येच झोपली.

१५ डिसेंबर
लेख पुन्हा वाचायला गेलो. मासिक कुणीतरी घरी नेलंय. हरकत नाही. हातकणंगल्याहून ट्रक भरून माणसं येणार, असा निरोप आहे. खेड्यापाड्यांत भौतिकशास्त्राची ही भूक!

१६ डिसेंबर, संध्याकाळी साडेसात
हॉल खच्चून भरला होता. खिडक्यांत माणसं. पहिल्या रांगेत आण्णा. हार घातला, टाळ्या थांबेनात. मी पहिलंच वाक्य टाकलं, गामाला वजन मुळीच नसतं. शांतता पसरली. सभा जिंकली असं वाटून पुढे म्हणालो, गामा दोन सेकंदांत संपतो.
हातकणंगल्याचे एक म्हातारे फेटा सावरत उठले. “दोन सेकंदात? गामा? कुणी पाडला त्येला, नाव सांगा की मास्तर.”
मी प्रामाणिकपणे म्हणालो, “ते अजून कुणालाच माहीत नाही.”
मग जो गोंधळ उडाला तो लिहीत नाही. एक चप्पल माझ्या कानाजवळून गेली. शेवटी पिराजी सर उठले. गामा पैलवानाच्या खुराकापासून कुस्तीपर्यंत तासभर बोलले. लोक हलले नाहीत. मीही खिडकीपाशी उभा राहून ऐकलं. बोलले चांगलं. सयाजी वस्तादांनी माझ्या गळ्यातला हार काढून त्यांना घातला.

१७ डिसेंबर
आण्णांनी बोलावलं. म्हणाले, “अंबादासराव, पेठ तुम्ही जमवली, हे खरं हाय. पण घरी गेली ती पिराजीसंगट.”
पिराजी सर सुपरवायझर. फार वाईट वाटलं. 
त्यांचे ड्रिलचे तास मोकळे झाले, ते मला मिळाले. उद्या सकाळी सात वाजता, पाचवी ब. संध्याकाळी दार लावून पंचवीस बैठका मारल्या. प्रमोदिनी म्हणते, चार झाल्या.