वही घराबाहेर गेली, अण्णा

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अद्याप शमलेला नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे झाली. मुलुंडच्या ज्या देवळात तुम्ही प्रवचन करीत असा, तिथेच मी आज क्रोध जिंकण्यावर निरूपण करतो, आणि घरी येऊन तुमची रिकामी लोखंडी पेटी पाहिली की संतापतो.

तुमच्या प्रवचनांच्या अकरा वह्या तिच्यात होत्या. सोवळे नेसल्याखेरीज शिवायच्या नाहीत, उतरवून घ्यायच्या नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायच्या नाहीत, हा तुमचा दंडक. तेरा वर्षांचा असताना मी चोरून एक वही उतरवली. तुम्ही स्वयंपाकघरात येता, माझी पाने वाचता, एका जागी बोट ठेवता. "हे असं होतं नकलेत. चुकीचा अर्थ लोकांत जाण्यापेक्षा काहीच न गेलेलं बरं." आणि पाने टराटरा फाडता. आई भाकरी थापत राहते, वर पाहत नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच मला खळ करून दिली. मी तुकडे चिकटवले. तुमच्या पश्चात मीही मूर्खासारखा तो दंडक पाळला. पेटी उघडली, तेव्हा वाळवीने अकराही वह्यांची माती केली होती. उरली ती फक्त माझी चिकटवलेली नक्कल. विद्या अशी जपतात, अण्णा?

ती नक्कल मी सहा महिने संगणकावर उतरवतो आहे. नात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. तिने शिकवले होते: रोजचे काम 'कमिट' करायचे, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते, मग ते दूरच्या साठ्यात 'पुश' करायचे. मी रोज संध्येनंतर कमिट करून समाधानाने उठत असे. परवा तिने पाहिले.

"आजोबा, एकदाही पुश नाही?"

"नोंद केली की रोज."

"अहो, ती तुमच्याच लॅपटॉपवर! रिमोट, म्हणजे तो दूरचा साठा, जोडलाच नाहीये. हा बंद पडला असता ना, तर वाट लागली असती सगळ्याची."

दानाचा संकल्प रोज उच्चारायचा आणि उदक सोडायचेच नाही, असे माझे झाले. शेवटी मुलगा तुमचाच.

तिने नवा साठा उघडून त्याचा पत्ता जोडून दिला. "सगळ्यांना दिसू दे की फक्त आपल्याला?"

"सगळ्यांना." तो आवाज तुम्हाला उद्देशून चढला होता.

"कुणी चूक काढली तर?"

"दुरुस्त करू. जुनं-नवं दोन्ही राहतं, असं तूच म्हणालीस ना?"

"मग दाबा."

मी दाबले. काही ओळी सरकल्या. "गेलं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

हे पत्र मात्र मी कुठेही पाठवणार नाही. तुम्ही बोट ठेवले होते, तिथे खरोखरच एक वाक्य सुटले होते. खेळायला जायच्या घाईत मी ते जाणूनबुजून गाळले होते. आता ते जगात कुठेच नाही. ती जागा मी रिकामी ठेवली आणि नोंदीत लिहिले, 'मजकूर वाळवीने नष्ट.' ती नोंद मी अजून दुरुस्त केलेली नाही.