धुराच्या नाकावर टिच्चून

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.
सूर्य आज संत्र्याच्या रंगाचा उगवला. रस्त्यावर लोक थांबून फोटो काढत होते. जंगल पेटलंय म्हणे. कुठे? डोंगरांपलीकडे, गाडीने गेलं तरी दोन दिवस लागतील इतक्या लांब. आग रामेश्वरी आणि धूर आमच्या गच्चीवर.
समोर मशीनमध्ये कपडे वाळवून देणाऱ्या ड्रायरवाल्याने दुकानाच्या खिडक्यांना आतून चिकटपट्ट्या लावल्या. घाबरट. माझ्या लाँड्रीच्या बोर्डवर स्वच्छ लिहिलंय : 'फक्त उन्हात वाळवलेले कपडे. मशीन नाही.' असा बोर्ड धुराला घाबरून उतरवत नसतात.
निश्चय : दोऱ्या चालू राहतील.

४ सप्टेंबर
बायको म्हणाली, चादरींना वास येतोय. मी नाक लावून पाहिलं. काही नाही. तिचं नाक माहेरापासूनच संशयी.
मोबाइलवर हवेचा रंग जांभळा दाखवतायत, म्हणजे अतिवाईट. मोबाइलला फुप्फुसं आहेत का? मला आहेत. मी सांगतो, हवा ठीक आहे.
थोडा खोकला. साबणाचा.

५ सप्टेंबर
गेस्टहाऊसवाल्या बाईंनी सगळ्या चादरी परत पाठवल्या. म्हणे, पाहुण्यांना रात्रभर शेकोटीजवळ झोपल्यासारखं वाटलं. लोक शेकोटीजवळ झोपायला मुद्दाम पैसे मोजून जातात, असं मी फोनवर सांगणार होतो. बायकोने फोन काढून घेतला आणि माफी मागितली. कुणाला विचारून?
गेस्टहाऊस गेलं तर आमचं अर्धं काम गेलं, असं ती म्हणाली. जाणार नाही. मी आहे ना.
सगळ्या चादरी पुन्हा धुतल्या. आता लागोपाठ दोन वेळा खळबळायच्या.

६ सप्टेंबर
बायकोने मास्क आणले. मी नको म्हणालो. नंतर गच्चीवर बांधला, पण तो उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून. खाली घसरून नाकावर आला, त्याला मी काय करणार.
आई म्हणाली, खिडक्या लाव रे, छातीत दडपल्यासारखं होतंय. मी तिला शांतपणे समजावलं : आज खिडकी लावली की उद्या दार लावावं लागतं, परवा तोंड. घर बंद केलं की धूर जिंकला. आई नाकाला पदर लावून आत गेली. म्हणजे पटलं.

७ सप्टेंबर, दुपार.
योजना सापडली! धूर पश्चिमेकडून येतो. पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला दोऱ्या बांधल्या. शिवाय टेबलफॅन वर नेला, लांब वायर जोडून. तोंड धुराकडे. आता धूर परत जातोय. प्रत्यक्ष दिसतो जाताना. दुपारभर फॅनजवळ उभा होतो. आवाज विमानासारखा आहे, पण लढाई म्हटली की आवाज आलाच.
ड्रायरवाला खाली रस्त्यात उभा राहून वर बघत हात हलवत होता. बराच वेळ. मीही हात हलवला. जळतोय.

८ सप्टेंबर
सकाळी बायको अचानक गोड बोलली. म्हणाली, तुम्ही फार दमता, जेवून झोपत जा, दोरीवरचे कपडे काढायचं मी बघते. इतक्या वर्षांनी किंमत कळली.
आईला कुणी मैत्रीण मिळाली आहे म्हणे. दिवसभर तिकडे बसणार. बायकोच सोडते आणि आणते. बरं झालं, घरात बसून नुसती खिडक्यांकडे बघायची.

१० सप्टेंबर
विजय! गेस्टहाऊसवाल्या बाईंचा निरोप : चादरी उत्तम, वास अजिबात नाही. बायकोला वाचून दाखवला. ती खाली बघून इस्त्री करत राहिली. काहींना दुसऱ्याचं यश बघवत नाही, अगदी नवऱ्याचंसुद्धा.
संध्याकाळी गठ्ठ्यावर हात ठेवून पाहिला. चादरी गरम! आकाशात सूर्य टिकलीएवढासुद्धा दिसत नाही आणि चादरी गरम. म्हणजे ऊन धुरातूनही पोचतं. फक्त विश्वास लागतो. आणि टाकीची पूर्व बाजू.

१२ सप्टेंबर, बुधवार.
आईच्या चेहऱ्यावर तेज आलंय. जिना एका दमात चढली. उघड्या खिडक्यांचा परिणाम. बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय.
इस्त्रीला बरेच अनोळखी शर्ट आलेत, सगळे एकाच मापाचे. धंदा वाढतोय.
मला खोकला थोडा जास्त. जोशात बोललो की येतो. बोलणं कमी करावं लागेल. बायको म्हणाली, करा.

१३ सप्टेंबर
ठरवलं : उद्या ड्रायरवाल्याला गच्चीवर बोलावून माझी पद्धत दाखवायची. बिचारा पट्ट्या लावून आत कोंडून बसलाय. मनाचा मोठेपणा माणसाने अशा वेळीच दाखवावा. उद्या दुपारी झोपायचं नाही.

१५ सप्टेंबर
काल लिहिता आलं नाही. जे झालं ते झालं तसं लिहितो.
दुपारी बायको झोपलात का म्हणून डोकावून गेली. मी घोरलो. नंतर उठून गच्चीवर गेलो. दोऱ्या रिकाम्या. चिमटेसुद्धा नाहीत. सकाळी टांगलेलं गेस्टहाऊसचं सगळं कापड गायब!
कठड्यावरून खाली पाहिलं तर धुरात एक बाई ओल्या चादरींची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी चोर चोर म्हणून ओरडलो. निम्माच शब्द निघाला, उरलेला खोकला. जिन्यावरून धावलो. रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. श्वास आत जाईना, बाहेरही येईना. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. बसलो म्हणजे पडलो.
ड्रायरवाल्याने काखेत हात घालून आत नेलं. त्याच्या मागच्या खोलीत हवेचं मशीन आहे, पांढरं, कपाटाएवढं. तिथे खुर्चीत आई बसली होती. मांडीवर माझे अभ्रे. घड्या घालत होती. मला बघून म्हणाली, आलास? दार लाव आधी, धूर येतो.
चोर माझी बायको निघाली.

१६ सप्टेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं सुजली आहेत. वाफेचं मशीन दिलंय, नाकातोंडावर लावून बसायचं. गच्ची बंद. मी विचारलं, थोडा वेळ तरी? त्यांनी उत्तर मला न देता बायकोला दिलं.
बायकोशी अबोला धरलाय. वाफ घेताना तसंही बोलता येत नाही, पण तिला फरक कळावा.

१७ सप्टेंबर
अबोला मोडला, कारण मला जाब विचारायचा होता. म्हटलं, माझ्या बोर्डाखाली मशीनचे कपडे? त्या ड्रायरवाल्याच्या मशीनचे? लाज नाही वाटली?
ती शांतपणे म्हणाली, तुम्ही फॅन लावला त्या दिवशी आईंना श्वास लागला. ओठ निळे पडले होते. मी खालून हाका मारल्या, तुम्हाला फॅनच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत. त्याने रस्त्यातून हात केले. तुम्हीही हात केलात. मग तो वर आला आणि आईंना उचलून घेऊन गेला. चादरींचं नंतर ठरलं. त्याला कॉलरची इस्त्री जमत नाही, मी त्याचे शर्ट करते, तो आपल्या चादरी वाळवतो. अजून काही विचारायचंय?
मी वाफेचं मशीन नाकाला लावलं.

१७ सप्टेंबर, संध्याकाळ.
मला सांगितलं का नाही, हे विचारायचं राहिलं होतं. विचारलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर ऐकलं असतं?
हा प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारलेला आहे.

१८ सप्टेंबर
घरातल्या खिडक्या लावल्या. मी लावल्या. हार म्हणून नाही. बिजागऱ्या बघायच्या होत्या.
आईला विचारलं, त्या दिवशी फार त्रास झाला का? म्हणाली, आता बरी आहे ना मी, झालं तर मग. डोक्यावरून हात फिरवला. मला वाफ जास्त झाली होती, म्हणून डोळ्यांतून पाणी.

२२ सप्टेंबर, शनिवार.
वारा फिरला! निळं आकाश! डॉक्टरीणबाईंनी गच्चीवर जायला परवानगी दिली, हळू चढायच्या अटीवर. बघा, धूर गेला आणि मी आहे. कोण जिंकलं?
ड्रायरवाल्याकडे गेलो. आभार मानले. म्हणजे मान हलवली. तो चहा घ्या म्हणाला. घेतला. उपकार नकोत म्हणून अर्धाच.
निश्चय : उद्यापासून सगळं कापड पुन्हा उन्हात. बोर्ड ओल्या फडक्याने पुसून ठेवला.

२३ सप्टेंबर
कडक ऊन. गेस्टहाऊसच्या चादरी स्वतः टांगल्या, स्वतः काढल्या, स्वतः पोचवल्या. ऊन कशाला म्हणतात ते आता कळेल त्यांना.

२५ सप्टेंबर, मंगळवार.
गेस्टहाऊसवाल्या बाईंचा निरोप. यावेळच्या चादरी कडक झाल्यात, पाहुण्यांना टोचतात. धुराच्या दिवसांत पाठवायचात तशा मऊ पाठवाल का? त्या वेळची पद्धतच चालू ठेवा.
बायकोला दाखवला नाही. तिने आधीच वाचला होता.
दुपारी समोरच्या दुकानात गेलो. आई अजूनही तिथेच जाऊन बसते, खुर्ची आवडली म्हणे. तिने विचारलं, कशाला आलास? म्हटलं, तुला न्यायला.
आई म्हणाली, मग हे ओल्या चादरींचं गाठोडं कशाला आणलंस?
मी म्हटलं, वाटेत होतं.
ड्रायरवाल्याने मशीनचं दार उघडलं.