सहाची गरम खारी

मंगळवार, संध्याकाळी सात

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी सहाला, बेकरीत ऐन गर्दीत, रिटायर्ड देशपांडेसाहेबांनी पेपरचं कात्रण काउंटरवर ठेवलं. "शेखभाई, नवीन संशोधन आलंय. झोप कमी पडली की हृदयाला धोका. आपण नीट झोपत जा हो." मला खरंच बरं वाटलं. बावळटच मी. लगेच म्हणाले, "आणि आजची खारी गार होती. उद्या सहाला गरम हवी."

सहाला गरम खारी हवी म्हणून मी रोज पहाटे तीनला भट्टी पेटवतो. हे कुठल्या संशोधनात येतं? अब्बा याच भट्टीपुढे छाती धरून खाली बसले, ते गेलेच. त्या सकाळीही कोणीतरी शटर वाजवून विचारलं होतं, खारी आहे का?

बायको म्हणते, सोडून द्या, गिऱ्हाईक आहे. का सोडू? दरवेळी मीच का?

कात्रण आत्ताच शटरवर बाहेरून चिकटवून आलो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: "मालक झोपले आहेत. खारी नऊला मिळेल. गरम."