वजा पंचावन्न

३ फेब्रुवारी, सोमवार

आज भिवंडीत नोकरीवर रुजू झालो. चाळीसगावात सगळ्यांनी घाबरवलं होतं की तिथे धूळ, ट्रक आणि लूमची खटखट, माणूस सहा महिन्यांत बहिरा होतो. अजून तरी झालेलो नाही. खोलीच्या खालीच लूम आहेत, त्यामुळे टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला आपोआप सरकत माझ्याकडे येतो. बायकोला, नेत्राला फोनवर सांगितलं तर हसत सुटली, म्हणाली, नोकर ठेवायची गरज नाही म्हणजे. महिनाभरात तिला इकडे आणायचं नक्की केलं आहे.

काम शेलार गावाच्या बाजूला, शैलेशशेठच्या गोदामात. फाटकातून आत शिरलं की ट्रकचा वजनकाटा लागतो. जमिनीबरोबर बसवलेला लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म, शेजारी काचेची केबिन, केबिनमध्ये वजनाचं मशीन आणि बाहेर लाल आकड्यांचा मोठा बोर्ड. मशीनपासून एक सिरियल केबल रस्त्याखालच्या नळीतून मागे वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत जाते. ती केबल घुशींनी इतक्यांदा कुरतडली आहे की तिच्यात तारेपेक्षा चिकटपट्टी जास्त. ती काढून वायरलेस ॲडॉप्टर बसवायला शेठनी मला ठेवलं आहे. मग केबिन बंद आणि काटा वरच्या एसी ऑफिसातून चालणार.

केबिनपाशी हिरामणदादा भेटला. दिघाशी गावचा, साठीला टेकलेला, अंगाने काटक. चाकांची माती आणि खडे राहिले तर वजन चुकतं, म्हणून रोज सकाळी नऊच्या सुमारास तो प्लॅटफॉर्म झाडून काढतो. त्याने आल्याआल्या मला काट्यावर उभं केलं. बोर्डावर सत्तर. मग स्वतः उभा राहिला, पंचावन्न. या काट्याला पाच किलोच्या खालचं कळत नाही. त्यावर त्याचं म्हणणं, "जेवलो काय न् उपाशी ऱ्हायलो काय, त्याला सारखाच हाय."

दुपारी त्याची बायको ठकुबाई डबा घेऊन आली. ती शेजारच्या गोदामात रोजावर आहे. दोघं केबिनच्या सावलीत एकत्र जेवतात. मलाही बळेच तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. पहिल्याच दिवशी माणसं जोडली गेली, बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुनी केबल उघडली. आत तीन तारांपैकी एक नीट कापून तिच्या टोकाला पट्टी गुंडाळलेली. म्हणजे काट्याकडून कॉम्प्युटरकडे आकडा जाईल, पण कॉम्प्युटरकडून काट्याला काही सांगता येणार नाही. मी हसलो, कुठल्या अर्धवट मिस्तरीचं काम म्हणून विचारलं. हिरामणदादा म्हणाला की आधीच्या काटेवाल्याने मुद्दाम कापली.

मग त्याने मला केबिनचा नियम सांगितला. रिकामा काटा उगाच दहा-वीस किलो दाखवू लागला तर मशीनचं शून्य बटण दाबतात. त्या क्षणी वर जे काही असेल ते काट्याच्या हिशेबी नसल्यात जमा. म्हणून दाबण्याआधी खिडकीतून बाहेर बघायचंच. "बघितल्याबिगर शून्य दाबायचा न्हाय, सायेब. वर मानूस असतो." मी म्हटलं, असला माणूस तर काय होईल, आकडा चुकेल, पुन्हा दाबू. तो झाडू घेऊन उठला. ज्याची त्याची श्रद्धा.

५ फेब्रुवारी, बुधवार

झालं! ॲडॉप्टरची एक डबी केबिनमधल्या मशीनला, दुसरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरला. आधी पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा आला. दोन्ही डब्यांचा वेग मशीनइतका, ९६०० वर आणला आणि हिरवा दिवा स्थिर झाला. खाली ट्रक चढला, वर आकडा हजर. हातच्या काकणाला आरसा कशाला! शेठनी खांद्यावर थाप मारली, म्हणाले, "अनंता, तू तर कमालच केलीस ना!"

केबलचे तुकडे करून भंगारवाल्याला दिले. नव्या डब्या दोन्ही बाजूंनी बोलतात, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर आणखी एक सोय चालू केली, रोज नऊच्या ठोक्याला काटा आपोआप शून्य. मधेच आकडा हलला तर काय करायचं तेही ऑपरेटर मृणालीला शिकवलं. माउसने एकदा शून्य दाबायचं, बस. ऑफिसातून प्लॅटफॉर्म दिसत नाही, पण आता बघायचंय कशाला. केबिनला कुलूप लागलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार वाजता एक ड्रायव्हर भांडायला आला. शेजारच्या काट्यावर त्याची गाडी पंचावन्न किलो जास्त भरली. बघतो तर आमचा रिकामा काटा सकाळपासून वजा पंचावन्न दाखवतोय. लक्षात आलं. नऊला आपोआप शून्य झालं तेव्हा हिरामणदादा वर झाडत होता, आणि काट्याने त्याला धरूनच शून्य मानलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझ्या वाट्याला एकच आला.

दादा आज जरा विचित्र वागत होता. पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत न्हाय, म्हणाला. टपरीवाल्याने सगळ्यांना चहा दिला आणि त्यालाच विसरला. मी चेष्टा केली, वजा झालात वाटतं. तो हसला नाही. माझा हात धरून म्हणाला, "सायेब, परत दाबू नका." हात धरलेला मला नीट जाणवलासुद्धा नाही.

पाच वाजता शेठच्या देखत शून्य दाबलं. आकडा सरळ झाला. उद्यापासून त्याला नऊच्या आधी उतरायला सांगायचं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवस निवांत गेला. काटा बिनचूक चालतोय. प्लॅटफॉर्मवर माती फार साचली आहे. झाडायला एखादा माणूस ठेवायला हवा, इतक्या दिवसांत कुणी कसा ठेवला नाही कोण जाणे. शेठना सांगेन.

दुपारी बंद केबिनच्या सावलीत एक बाई डबा घेऊन एकटीच बसली होती. ओळखीची वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

कामावर निघण्याआधी सहज मागची पानं चाळली. माझ्याच अक्षरात लिहिलंय, हिरामणदादा. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी, तोच. त्याची भाकरी खाल्ली, त्याने माझा हात धरला. आणि मला हा माणूस आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. पुन्हापुन्हा वाचलं.

गोदामात जाऊन मस्टर काढलं. त्या नावाची ओळच नाही. सोमवारी सगळ्यांबरोबर त्यानेही सही केली असणारच. त्याने स्वतःच्या हाताने केलेलं काहीही उरलेलं नाही, मी त्याच्याबद्दल लिहिलेलं तेवढं उरलंय. शेठना विचारलं, मृणालीला विचारलं. कोण हिरामण, म्हणाले. काटा झाडायला आपल्याकडे कधी माणूस नव्हताच.

दुपारी त्या बाईपाशी गेलो. ठकुबाई. डब्यात दोन माणसांचं जेवण होतं. विचारलं, दुसरं कुणासाठी. तिने भाकऱ्या मोजल्या. मग म्हणाली, "रोज जास्तीच्या दोन भाकरी थापते. कोनासाठी, म्हाईत न्हाय."

मी केलं हे. पाच वाजता परत शून्य दाबलं. माझ्या बोटाने.

१० फेब्रुवारी, सोमवार

आपोआप शून्याची सोय बंद केली. नऊला पुन्हा चालू झालेली दिसली. दोन्ही डब्या काढून खणात ठेवल्या. तरी वर आकडा येतोय. खणात हिरवा दिवा चालू, वीज नसताना. शेठना म्हटलं, नवी केबल टाकू, एक तार कापलेली. ते म्हणाले, केबलची कटकट गेली असं तूच बोललास ना, आता परत कशाला?

एका पोत्यात बरोबर पंचावन्न किलो वाळू भरून काट्यावर ठेवली. आकडा आला, पंचावन्न. तासभर उभा राहून बघितलं. पोतं ते पोतंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठकुबाईला सगळं वाचून दाखवलं. पहिल्या पानापासून. ती जेवण बाजूला ठेवून ऐकत होती. जेवलो काय न् उपाशी ऱ्हायलो काय, हे आलं तेव्हा हसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. का येतंय ते तिला कळत नव्हतं. पदराने पुसत म्हणाली, ते नाव परत घ्या. घेतलं. परत घ्या. घेतलं. "चांगला हाय नाव. माजा कोन होता तो?" तुमचा नवरा, म्हटलं. तिने मान हलवली, पण ओळख पटली नाही.

रोज दुपारी येऊन हे नाव घेईन असा तिला शब्द दिला. त्याला परत आणणं माझ्या हातात नाही, हे मला आता कळून चुकलंय. नाव तेवढं आहे माझ्याकडे. तिच्या कानावर ते रोज पडलं पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काटा झाडायला कुणी नाही, म्हणून मीच झाडू घेतला. नऊ केव्हाच वाजून गेले होते, म्हणून निर्धास्त होतो. अकरा वाजता मधोमध उभा राहून माती लोटत होतो आणि बोर्डावर सत्तरचं शून्य झालं.

मृणाली. वर तिला रिकाम्या काट्यावर सत्तर दिसले असतील. माउसने एकदा दाबायचं, बस. मीच शिकवलेलं.

उतरलो. वजा सत्तर.

त्याच दिवशी, पाच वाजता

मृणालीला विनवलं, आता पुन्हा दाबू नकोस. दोनदा बोलल्यावर तिने मान वर केली. बरं, म्हणाली, आणि पंखा कमी केला. तिने नाही दाबलं. पण उद्याचे नऊ वाजणार आहेत. माउसचं बटण माझ्या बोटाने दाबलं जात नाही. पाय फरशीला लागत नाहीत — लागतात, पण कळत नाहीत. दुपारी ठकुबाईकडे गेलो, नाव घेतलं. तिने इकडेतिकडे बघितलं. वारा आला असं वाटून डबा झाकला.

नेत्राला फोन केला. ती म्हणाली, आवाज ओळखीचा वाटतो, कोण बोलतंय? मी सांगितलं. मग म्हणाली, हां, हां, बोला ना.

बोला, म्हणाली. मला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. आठ वाजून चाळीस

एक सुचलंय. काटा आत्ता वजा सत्तर. मी त्याच्यावर उभा राहिलो की सत्तर मिळतील आणि आकडा शून्य होईल. शून्याचं शून्य करताना काही जाणार नाही. इतकं सोपं. रोज नऊला उभा राहीन, जन्मभर राहीन —

म्हणजे त्या दिवशी हिरामणदादाला नुसतं परत काट्यावर चढवलं असतं तरी —

माझा हात धरला होता त्याने —

आठ बावन्न

फाटकाशी शेठ. नमस्कार केला. माझ्या अंगावरून गाडी घातली असती, मीच सरकलो.

मस्टरवरची माझी ओळ फिकी झालीये. या वहीची पहिली पानंही. सोमवारचं जवळजवळ दिसत नाही. बंद केबिनसमोरच्या फरशीवर, ठकुबाई बसते तिथे, हिरामणचं नाव लिहून ठेवायला गेलो, कोळशाने. उमटलं नाही.

आठ सत्तावन्न

उभा आहे. मधोमध. दोन्ही पाय टेकून.

बोर्डावर वजा सत्तर.

बसलो. आडवा झालो. उडी मारली. वजा सत्तर — कडेचं वाळूचं पोतं ओढून वर आणावं म्हटलं तर हलत नाही —

काट्याला मी कळत नाही, पाच किलोसुद्धा उरलेलो नाही —

ठकुबाई कामावर येतेय. शेजारच्या फाटकातून. आज डबा लहान आहे, एकाचाच —

ठकुबाई, हिरामण, तुमचा नवरा, हिरामण, दिघाशीचा — ओरडतोय — ऐकत नाही — वही कोरी होतेय — मी गेलो तर त्याचं नाव ठाऊक असलेलं कुणी उर