शिवेवर ठेवलेली बाज

माय, जंगलातली ती वाट तुला कधी कोणी नीट सांगितलीच नाही. बाबा तिथल्याच एका गोंड गावात शाळामास्तर. ऐन श्रावणात तुझा ताप डोक्यात गेला, गाड्या चिखलात रुतलेल्या, आणि गडचिरोलीचा दवाखाना गाठला नाही तर तू हाती लागत नाहीस, हे बाबांच्या चेहऱ्यावरून मला लहान पोरीलाही कळत होतं. गावातल्या चार गोंड माणसांनी बाजेला बांबू बांधले नि तुला उचललं. मी मागून चालते आहे, तू डोळे मिटून पडली आहेस.

बऱ्याच वेळाने त्यांनी एका मोहाच्या झाडाखाली बाज ठेवली, रानाकडे तोंड करून लांब हाळी दिली आणि स्वस्थ बसले. बाबा भडकले. "अर्ध्या रस्त्यात काऊन टाकलं? बाई मरून राह्यली ना." त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "गुर्जी, आमची शीव सरली. आता तुमी पुढच्या गावचे पाहुणे. आमीच नेलं तर त्याईले वाईट वाटन." तेवढ्यात समोरून चौघं आलेच. मग अशीच तू एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जात राहिलीस.

एका गावात एका बाईने तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि पळसाच्या द्रोणातून घोट घोट पेज पाजली. बाबा मला हळूच म्हणाले, "मायले सांगू नको." नाही सांगितलं. दवाखाना गाठला, तू बरी झालीस, आणि पुढे कितीतरी वर्षं शेजारणींना ऐकवायचीस, "परक्याच्या हातचं पाणी म्या कधी पेलं नाई." मला तुझा फार राग यायचा. बाबा खाली मान घालून जेवायचे.

शेवटच्या दुखण्यात मी केलेलं काही तुझ्या घशाखाली उतरेना. एकदा म्हणालीस, "ते पेज दे."

"कोणती, माय?"

"जिनं मांडीवर घेतलं होतं, तिची."

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. आम्ही तुझ्यापासून लपवत होतो आणि तू आमच्यापासून. मी लगेच तांदूळ शिजवले, पेज केली, वाटीतून पाजली. दोन घोट घेऊन तू तोंड फिरवलंस. "हे नाई."

हे पत्र कुठं टाकणार? पण लिहायला बसलेच आहे तर सांगते. त्या बाईमुळे तू मला आणखी इतकी वर्षं मिळालीस, तरी तू माझी पेज नाकारलीस त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो.